बंडखोरीचा बाजारभाव

एखादा रॉक बँड लोकप्रिय झाला, त्याच्या तबकड्या लाखांनी खपू लागल्या, की त्याचे जुने चाहते एक ठराविक शब्द उच्चारतात : 'सेल-आउट'. म्हणजे विकला गेला! या इंग्रजी शब्दाची मौज अशी, की तिकिटे संपून 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली तरी हाच शब्द आणि कलावंताने इमान विकले तरी हाच शब्द. जणू सभागृह भरणे हाच गुन्हा! चित्रपटातील नटाने मोठे मानधन घेतले तर त्याला कोणी असे म्हणत नाही. रॉक संगीताला मात्र म्हणतात, कारण १९६० नंतरच्या दशकात या संगीताने स्वतःला बाजाराविरुद्ध, वडीलधाऱ्यांविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध उभे केले, आणि ते उभे राहिले बाजारातच. ही विसंगती त्या कलावंतांनाही ठाऊक होती. 'द हू' या इंग्रज बँडने १९६७ साली आपल्या एका तबकडीचे नावच 'द हू सेल आउट' असे ठेवले आणि गाण्यांच्या मधे खोट्याखोट्या जाहिराती घातल्या.

प्रस्तुत लेखात मी हा आरोप एका बँडच्या संदर्भात तपासून पाहणार आहे. तो बँड म्हणजे लंडनचा 'क्लॅश'. अनेक बँडची नावे घेऊन ढोबळ विधाने करण्यापेक्षा एकाच बँडचा हिशेब नीट मांडावा, असे मला वाटते.

माझ्यासारख्याने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून मी येथे आलो, तेव्हा 'बँड' या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक होता : लग्नाच्या वरातीपुढे चालणारा. माझे वडील तशाच एका बँडात क्लॅरोनेट वाजवतात. वसतिगृहातील माझ्या खोलीसोबत्याने मोबाइलवर क्लॅशची गाणी ऐकवली. शब्द कळेनात म्हणून शब्दकोश घेऊन बसलो आणि हळूहळू त्या बँडची सगळी हकिकत वाचून काढली. वाचता वाचता असे वाटू लागले, की या आरोपातील काही गोष्टी लंडनच्या समीक्षकांपेक्षा आमच्या घरात अधिक लवकर समजतील.

क्लॅशची स्थापना १९७६ सालची. जो स्ट्रमर आणि मिक जोन्स हे गाणी रचणारे व गाणारे, पॉल सिमोनन बास गिटार वाजवणारा, आणि पुढच्या वर्षी येऊन मिळालेला ड्रमवादक टॉपर हेडन. इंग्लंडमध्ये तेव्हा बेकारी होती, आणि त्या वातावरणात 'पंक' नावाचा संगीतप्रकार फोफावत होता. कोणीही उठावे, तीन सूर शिकावेत आणि गाणे करावे, मोठ्या कंपन्यांची गरज काय, असा त्याचा एकूण बाणा होता. आणि नेमक्या याच वेळी, १९७७ च्या जानेवारीत, क्लॅशने सीबीएस या बलाढ्य कंपनीशी करार केला. रक्कम १ लाख पौंड! तोपर्यंत या बँडची एकही तबकडी निघालेली नव्हती. मार्क पेरी नावाचा तरुण त्या काळी 'स्निफिन ग्लू' हे घरगुती पद्धतीने छापलेले पंकपत्र काढीत असे. क्लॅशने सही केली त्या दिवशी पंक मेले, असा निकाल त्याने देऊन टाकला.

हा निकाल फार गाजला. परंतु १ लाख पौंड म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. तमाशाच्या फडात कलावंत फडमालकाकडून उचल घेतो. पैसा आधी हातात पडतो आणि मग हंगामभर तो घाम गाळून फेडायचा असतो. तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांचा 'ॲडव्हान्स' जातीने हाच आहे. गाण्याच्या विक्रीतून कलावंताचा जो वाटा निघतो, म्हणजे रॉयल्टी, त्यातून आधी ही उचल वळती होते. ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्यातूनच कापला जातो. उचल फिटेपर्यंत हातात काही येत नाही, आणि ध्वनिमुद्रणावरची मालकी सर्वसाधारणपणे कंपनीचीच असते. अर्थात ही तुलना फार ताणू नये. ऊसतोड कामगाराचे नाव कोणी भिंतीवर रंगवीत नाही. पण 'लाख पौंड मिळाले' या वाक्यात आणि 'लाख पौंडांची उचल घेतली' या वाक्यात जो फरक आहे, तो पेरीच्या निकालात कोठेच दिसत नाही.

उचल घेणाऱ्याला मालक कोण हे फार दिवस विसरता येत नाही. क्लॅशलाही चार महिन्यांतच ते कळले. १९७७ च्या मे महिन्यात सीबीएसने 'रिमोट कंट्रोल' हे त्यांचे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून परस्पर बाजारात आणले. बँडला विचारलेदेखील नाही. त्यावर बँडने काय करावे? त्यांनी 'कम्प्लीट कंट्रोल' नावाचे गाणे लिहिले, त्यात कंपनीची ही दांडगाई उघड मांडली, जमेकाचा विख्यात निर्माता ली पेरी याला ध्वनिमुद्रणासाठी बोलावले, आणि सप्टेंबरमध्ये ते प्रसिद्ध झाले. कोणाकडून? सीबीएसकडूनच! कंपनीने आपल्याविरुद्धचे गाणे आपल्याच शिक्क्यानिशी विकले आणि त्यावर नफाही मिळवला. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. काही जण म्हणतील, बँडचा विजय झाला. काही म्हणतील, कंपनी इतकी निर्ढावलेली, की तिला शिवीसुद्धा मालच वाटते. माझ्या मते दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच 'विकला गेला की नाही' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे अवघड होऊन बसते.

त्याच कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने तर क्लॅशची पहिली तबकडी रेडिओवर चालणार नाही म्हणून १९७९ पर्यंत तेथे काढलीच नाही. लोकांनी ती इंग्लंडहून आलेली, आयात मालाच्या दुकानातून घेतली, आणि अशा १ लाखाहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे लोकप्रियता हवी होती ती ऐकणाऱ्यांना. दुकानदारालाच ती आधी ओळखता आली नाही.

आता खरा मुद्दा. एखादा कलावंत मोठ्या बाजारात उतरला, तर त्याची किंमत कोण मोजतो? ऐकणारा की तो स्वतः? क्लॅशच्या बाबतीत याचे उत्तर कागदोपत्री सापडते. १९७९ च्या डिसेंबरमध्ये त्यांची 'लंडन कॉलिंग' ही तबकडी आली. गाणी इतकी होती, की दोन तबकड्या लागणार. कंपनी दोन तबकड्यांना दुप्पट भाव लावणार. बँडने युक्ती केली. एका तबकडीबरोबर एक लहानशी तबकडी भेट म्हणून द्यावी, एवढीच मागणी केली. कंपनीने मान्य केली. मग त्या भेटीच्या तबकडीवर एकदोन गाणी भरायच्या ऐवजी नऊ गाणी भरली! ऐकणाऱ्याला एका तबकडीच्या भावात दोन मिळाल्या. बाजारात घासाघीस करणाऱ्या कोणत्याही माणसाला ही चतुराई आवडावी. पुढे अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' मासिकाने याच तबकडीला १९८० च्या दशकातील सर्वोत्कृष्ट ठरवले, कारण अमेरिकेत ती १९८० च्या जानेवारीत आली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८० मध्ये, 'सँडिनिस्टा!' आली. या खेपेस तीन तबकड्या आणि ३६ गाणी. नाव निकाराग्वातील क्रांतिकारकांवरून घेतलेले. तिचाही भाव फार वाढू द्यायचा नाही, असा बँडचा हट्ट. कंपनी ऐकेना. शेवटी ब्रिटनमधील पहिल्या २ लाख प्रतींवरची रॉयल्टी बँडने सोडून द्यायची, या अटीवर भाव कमी राहिला. म्हणजे सवलतीचा भुर्दंड त्यांनी आपल्या खिशातून भरला. (तबकडी म्हणून 'सँडिनिस्टा!' मला पसरट वाटते. एका बैठकीत सहावी बाजू मी अजून गाठू शकलेलो नाही. इमानदारी आणि काटछाट हे दोन वेगळे गुण आहेत.)

१९८१ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील 'बाँड्स' या ठिकाणी त्यांचे ८ कार्यक्रम ठरले होते. जागेच्या मानाने तिकिटे भरमसाट विकली गेली होती. अग्निशामक खात्याने हरकत घेतली आणि प्रेक्षकांची संख्या कमी करावी लागली. तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला ऐकायला मिळावे म्हणून बँडने ८ ऐवजी १७ कार्यक्रम केले. येथे 'सेल-आउट'चे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात असे म्हटले तर वावगे ठरू नये.

याच काळात जुन्या चाहत्यांचा आणखी एक आक्षेप होता : यांचे संगीत बदलले. 'लंडन कॉलिंग'मध्ये जमेकाचे रेगे आहे, स्का आहे, जुने रॉक अँड रोल आहे, जॅझचा वासही आहे. मग हे पंक कसले? या आक्षेपात मला मुळीच तथ्य वाटत नाही. नवे शिकणे म्हणजे विकणे नव्हे. 'मेटालिका' या अमेरिकन बँडवर १९९१ साली हाच आरोप झाला. त्यांनी बॉब रॉक या निर्मात्याला बरोबर घेऊन गाणी आखूड व सुटसुटीत केली आणि त्या तबकडीच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. आकडा पाहून आरोप केला, की गाणी ऐकून? खप कमी झाला असता तर याच बदलाला 'प्रयोग' म्हटले गेले असते.

जो स्ट्रमरवर मात्र एक वेगळा आणि अधिक बोचरा आरोप होता. तो गात होता बेकार तरुणांविषयी, पण त्याचे खरे नाव जॉन मेलर. वडील ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला. त्यांचा जन्म आपल्याकडच्या लखनौचा. मुलाचा जन्म १९५२ साली तुर्कस्तानात, अंकारा येथे, आणि शिक्षण निवासी शाळेत. उलट मिक जोन्स आजीजवळ एका सरकारी इमारतीच्या अठराव्या मजल्यावर राहणारा. दोघांनी एकाच करारावर सही केली. पण दोघांच्या सहीचे मोल सारखे होते काय? एकाला मागे फिरायला जागा होती. दुसऱ्याला तितकीशी नव्हती. बंडखोराने गरीबच राहावे अशी अपेक्षा जे करतात, ते बहुधा गरीब नसतात.

माझे वडील वरातीत 'झिंगाट' वाजवतात. लोक मागतात, मालकाने सुपारी घेतलेली असते, वाजवावे लागते. घरी मात्र सणासुदीला ओसरीवर बसून ते भूपाची सुरावट वाजवतात, तेव्हा हा माणूस वेगळाच वाटतो. त्यांना आजवर कोणी 'विकला गेला' म्हटलेले नाही. तो आरोप होण्यासाठीसुद्धा आधी न विकण्याची मुभा असावी लागते. मुभा असणाऱ्यांनी तिचा उपयोग कसा केला, एवढेच आपण विचारू शकतो. आणि तो विचारण्याचा हक्क मात्र मी सोडू इच्छीत नाही.

मुभा वापरून दाखवणारेही आहेत. वॉशिंग्टनचा 'फुगाझी' हा बँड आयुष्यभर मोठ्या कंपनीकडे गेला नाही. त्यातील इयन मकाय याने आपल्या मित्राबरोबर १९८० सालीच 'डिस्कॉर्ड' ही स्वतःची छोटी कंपनी काढली होती. कार्यक्रमाचे तिकीट शक्यतो ५ डॉलर, आणि बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत. यात संन्यास कमी आणि हिशेब जास्त आहे. खर्च कमी ठेवला, की कोणाची उचल घ्यावी लागत नाही. 'निर्वाणा'चे उदाहरण याच्या उलट. १९९१ च्या 'नेव्हरमाइंड'ने त्यांना एकदम शिखरावर नेले. कर्ट कोबेन त्या यशाने इतका अस्वस्थ झाला, की 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठासाठी उभा राहिला तो व्यापारी मासिकांची निंदा लिहिलेला सदरा घालून. मुखपृष्ठावर आला, हेही खरेच. १९९३ च्या पुढच्या तबकडीसाठी त्यांनी स्टीव्ह अल्बिनी याला बोलावले. या गृहस्थाने रॉयल्टी घेण्यास नकार दिला. नळदुरुस्ती करणाऱ्याला कामाचे पैसे मिळतात तसे मला द्या, असे त्याचे म्हणणे. त्याने एकरकमी १ लाख डॉलर घेतले आणि विषय मिटवला. मला हा माणूस आवडतो. १ लाख घेऊनही तो विकला गेला असे कोणी म्हणू शकत नाही, कारण कशाचे किती हे त्याने आधीच सांगितले होते.

क्लॅशचा उत्तरार्ध मात्र मला इतका निर्मळ वाटत नाही. १९८२ मध्ये 'कॉम्बॅट रॉक' आली आणि अमेरिका जिंकली गेली. तिच्यातील 'रॉक द कॅस्बा' हे गाणे तेथील यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. त्या गाण्याचे संगीत मुख्यतः टॉपर हेडनचे; आणि हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला तबकडी निघाली त्याच सुमारास बँडमधून काढले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रचंड शे स्टेडियममध्ये क्लॅशने 'द हू'च्या आधी वाजवले. १९६७ साली जाहिरातींची थट्टा करणाऱ्या 'द हू'चा हा दौरा आता एका बिअर कंपनीच्या प्रायोजकत्वावर चालला होता.

आणि मग मे १९८३. ॲपल कंपनीचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक याने कॅलिफोर्नियात एक अवाढव्य महोत्सव भरवला. क्लॅशचे मानधन ५ लाख डॉलर. 'व्हॅन हेलन' या बँडचे १५ लाख. मंचावर येण्याआधी क्लॅशने पत्रकार परिषद घेतली, आयोजकांनी दानधर्मासाठी रक्कम द्यावी म्हणून वाद घातला, कार्यक्रम लांबवला आणि 'क्लॅश विक्रीस नाही' अशा अर्थाचा फलक मागे लावला. मग ५ लाख घेऊन वाजवले.

वाचकमित्रहो, हा फलक मला खटकतो. १९७७ ची सही खटकत नाही, तीन तबकड्यांचा पसारा खटकत नाही, स्टेडियमही खटकत नाही. ५ लाख डॉलर घेणे हाही गुन्हा नाही. पण १९७९ आणि १९८० साली 'आम्ही विक्रीस नाही' असे सांगायला या माणसांना फलक लागला नव्हता. भावाचा कागद पुरेसा होता. १९८३ मध्ये प्रेक्षकाच्या खिशातले काय वाचले? काहीच नाही. तिकीट त्याने पूर्ण भरले आणि वर भाषणही ऐकून घेतले. माझ्या मते क्लॅशविषयी तो जुना आरोप करायचाच असेल, तर तो सहीच्या दिवशी करण्याऐवजी या दिवशी करावा.

मिक जोन्सचा क्लॅशबरोबरचा हा शेवटचा कार्यक्रम ठरला. बँडच्या मूळ विचारापासून तो दूर गेला, असे कारण देऊन त्याला थोड्याच महिन्यांत काढून टाकले. अठराव्या मजल्यावरचा मुलगा विचारापासून दूर गेला आणि निवासी शाळेतला राहिला! १९८५ साली उरलेल्यांनी एक तबकडी काढली. तिच्याविषयी चांगले बोलणारा मनुष्य मला वाचनात भेटलेला नाही. १९८६ मध्ये बँड संपला.

त्यानंतरच्या दोन गोष्टी सांगितल्याविना विषय पुरा होत नाही. १९९१ साली लिव्हाइस जीन्सच्या जाहिरातीत जोन्सने गायिलेले 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' वाजले, आणि बँड मोडून पाच वर्षे झाल्यावर त्यांचे गाणे प्रथमच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पुष्कळांना हा कळस वाटला. जावे की राहावे या प्रेमिकाच्या घालमेलीचे ते गाणे. विजारीच्या जाहिरातीने त्याचे फारसे काही बिघडले असे मला वाटत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच वर्षी आखाती युद्धात अमेरिकी सैन्याच्या रेडिओवर 'रॉक द कॅस्बा' वाजवले गेले. त्या गाण्यातील वैमानिक बाँब टाकण्याचा हुकूम धुडकावून लावतात! यासाठी क्लॅशने कोणाशी करार केला नव्हता आणि कोणाकडून पैसेही घेतले नव्हते. जाहिरातीला निदान नाही म्हणता येते. लाखो लोकांपर्यंत पोचलेले गाणे कोण कशासाठी वाजवील, याला नाही म्हणण्याची सोय नाही. लोकप्रियतेची ही किंमत कोणत्याच करारात लिहिलेली नसते, आणि 'सेल-आउट' म्हणणारे चाहते तिच्याविषयी क्वचितच बोलतात.

स्ट्रमर पुढे लहान सभागृहांतून नव्या साथीदारांबरोबर गात राहिला. जोन्सला काढले ही चूक झाली, असे तो जाहीरपणे सांगत असे. १५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमधील ॲक्टन येथील नगरभवनात, संपावर असलेल्या अग्निशामक दलाच्या कामगारांच्या मदतीसाठी त्याचा कार्यक्रम होता. मिक जोन्स प्रेक्षकांत बसला होता. काही न ठरवता तो उठून मंचावर गेला, गिटार घेतली, आणि जवळजवळ वीस वर्षांनी दोघांनी एकत्र वाजवले. पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, स्ट्रमर वारला. वय ५०.